थोरल्या मालकांकडचा मोर

“अहो मालक, कीबोर्डवर कुंकू नका टाकू! बटणं चिकटतात!”

मी दारातूनच ओरडलो, पण तोवर नरसिंगरावांनी चिमूट सोडलीही होती. टेबलांवरचे कॉम्प्युटर झेंडूच्या माळा घालून ओळीनं बसले होते, मांडवात बसलेल्या नवरदेवांसारखे. कोपऱ्यातल्या मोठ्या कॉम्प्युटरपुढं तर नारळ, केळी, उदबत्ती असा सगळा थाट होता. मागच्या शेडमधले माग धुऊनपुसून उभे होते आणि त्यांच्याही कपाळी हळद-कुंकू होतं. खंडेनवमीला सोलापुरात यंत्र चालवत नाहीत. वर्षभर ते आपल्यासाठी राबतं, त्या दिवशी आपण त्याच्यापुढं हात जोडायचे.

“चिकटू देत बटणं,” नरसिंगराव म्हणाले. “आतलंच सगळं गेलंय, बटणं घेऊन काय करू बे सिद्धाराम?”

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. मी तेव्हा अक्कलकोटहून येऊन सोलापुरात कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान नुकतंच टाकलं होतं. नरसिंगरावांचा चादरींचा कारखाना अक्कलकोट रोडला, एमआयडीसीत. माणूस आवाजानं दांडगा, अंगानं किरकोळ. फोनवर बोलले की फोनची गरज नसल्यासारखं वाटायचं. सकाळीच त्यांनी फोन केला होता, ‘डिझाइनं दिसंनात, ताबडतोब ये.’ सणाच्या दिवशी कोण जातो? पण दुकान नवं, आणि नव्या दुकानदाराला सण नसतो.

चादरीवर जी नक्षी दिसते ती त्यांच्याकडं आधी कॉम्प्युटरवर काढत आणि मग तिच्याबरहुकूम मागावर चढवत. सगळी नक्षीकामं कोपऱ्यातल्या मोठ्या कॉम्प्युटरात, ‘डिझाइन’ नावाच्या एकाच फोल्डरात ठेवलेली. ऑफिसातल्या कुठल्याही टेबलावरून तोच फोल्डर उघडायचा. मी माळ बाजूला सारून बघितलं. फोल्डर जागेवर होता, पण आत काही नव्हतं.

“कुणी काढलं?” मी विचारलं.

नरसिंगरावांनी मान वळवून कपाटाकडं बघितलं. कपाटाला टेकून नागमणीअक्का उभी होती. सणाची हिरवी साडी, केसांत शेवंतीची वेणी, आणि डोळे रडून सुजलेले.

नागमणीअक्का म्हणजे लक्ष्मीनारायणची बायको. लक्ष्मीनारायण हा या कारखान्याचा डिझायनर. तो गेला तेव्हा अक्काला दुसरा आधार नव्हता. नरसिंगरावांनीच तिला ऑफिसात टेबल-खुर्ची दिली, कॉम्प्युटरच्या क्लासला घातलं, ऑर्डरी टाइप करायला लावल्या. शिव्या घालत घालत दिलं, पण दिलं. आता त्याच टेबलावरून हे झालं होतं.

“अक्का, घाबरू नका,” मी म्हटलं. “नेमकं काय केलंत ते सांगा, म्हणजे मला शोधता येईल.”

“काय सांगू वो,” ती म्हणाली. “नवमीच्या आधी ज्यानं त्यानं आपापलं यंत्र साफ करायचं असतंय की. मालकच म्हणाले सगळ्यांना. मागवाल्यांनी माग साफ केले. मी माझा कॉम्प्युटर पुसले, मागची धूळ काढले. मग म्हटलं, नुसतं वरून काय पुसायचं, आतलंबी साफ करावं. डिझाइनचा फोल्डर सगळ्यात मोठा. मला त्यातलं काय लागत नाही. बाकीच्यांकडं आहेच की, म्हणून माझ्यातलं काढले.”

“ते तुमच्यातलं नव्हतं अक्का. एकच होतं सगळ्यांत मिळून. तुमच्या खिडकीतून दिसत होतं, एवढंच.”

“मला काय माहीत वो! माझ्या टेबलावर दिसायलंय म्हणजे माझंच की.”

“काढू का म्हणून कॉम्प्युटरनं विचारलं नाही?”

“विचारलं की. मी हो म्हटले. घर झाडताना कुणी विचारलं, हा केर काढू का, तर आपण नाही म्हणतो का?”

मला हसू आलं होतं, ते मी गिळलं. हसण्यासारखी वेळ नव्हती. आणि खरं सांगायचं तर तिची चूक मला चूक वाटेचना. ज्या गावात वर्षातून एकदा यंत्राला आंघोळ घालतात, त्या गावात ती बाई जास्त मनापासून वागली होती, एवढंच.

“मग कचऱ्याच्या डब्यातून काढ की परत,” नरसिंगराव म्हणाले. “तेवढं मलाबी येतं.”

“आपल्याच कॉम्प्युटरातलं काढलं तर डब्यात जातं, मालक. दुसऱ्याच्या घरातलं इथून काढलं की डब्यात जात नाही. थेट जातं.”

“म्हणजे मेलो!” नरसिंगराव खुर्चीत बसले आणि लगेच उठले. “दिवाळीची ऑर्डर आहे बे! केरळचा व्यापारी मोरबाग पाहिजे म्हणून बसलाय. मोरबाग! परवा मागावर चढवायची होती. आणि हिनं झाडू मारला!”

मोरबाग हे नाव उच्चारलं तशी अक्कानं पदर तोंडाला लावला. मोरबाग म्हणजे लक्ष्मीनारायणचं सगळ्यात गाजलेलं डिझाइन. चादरीच्या मधोमध आंब्याचं झाड, चारी कोपऱ्यांना मोर, आणि एकही मोर दुसऱ्यासारखा नाही. एक पिसारा फुलवलेला, एक दाणे टिपणारा, एक मान मागं वळवून बघणारा, एक झोपलेला. मध्ये काही वर्षं कुणी मागितली नव्हती, म्हणून विणली नव्हती.

“एखादी जुनी चादर असेल ना?” मी विचारलं. “कापड बघून डिझाइन पुन्हा काढतात म्हणे तुमच्यात.”

“नमुन्याच्या चादरी गोदामात होत्या. छत गळलं, कुजल्या. विकलेल्या कुठल्या मुलखात असतील, आता कुठं शोधू? पूर्वी भोकं पाडलेले पुठ्ठे असायचे मागाला, खोलीभर. कॉम्प्युटर आला तसे मीच रद्दीत घातले. म्हटलं, आता कशाला अडगळ?” नरसिंगराव अक्काकडं वळले. “तुझ्या घरी होती की एक. त्यानं स्वतः नेली होती.”

“होती,” अक्का म्हणाली. “त्यांच्या अंगावर घातले वो मी ती. शेवटी.”

नरसिंगराव खिडकीशी जाऊन उभे राहिले. पण राग असा असतो, की गप्प बसावं लागलं की तो जास्तच चढतो. थोड्या वेळानं ते वळले आणि म्हणाले, “नागमणी, सण झाला की येऊ नकोस तू. माझ्यानं नाही होणार. तुझं तोंड बघितलं की मला तो मोर आठवेल.”

अक्का रडली नाही की गयावया केली नाही. तिनं फक्त मला विचारलं, “मोर येईल का वो परत?”

“बघतो,” मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

मोठ्या कॉम्प्युटरची डिस्क काढून मी माझ्या यंत्राला जोडली आणि शोध सुरू केला. दुपार झाली. कामगार प्रसाद घेऊन घरी गेले. नरसिंगराव येरझाऱ्या घालत राहिले. अक्का दाराशी स्टुलावर बसून राहिली. तिला कुणी थांब म्हटलं नव्हतं आणि जा म्हणायचा कुणाला धीर नव्हता. मध्येच तिनं डबा उघडून मला कडक भाकरी आणि शेंगाची चटणी दिली. स्वतः खाल्ली नाही.

हळूहळू एकेक डिझाइन वर यायला लागलं. नावं गेली होती, पण नक्ष्या शाबूत होत्या. नरसिंगराव माझ्या पाठीमागं उभे राहून लहान पोरासारखे ओरडत होते, “ही बघ चौकट! हे कमळ! अरे, ही तर नगरच्या पार्टीची!” अक्का स्टुलावरून उठून जवळ आली. प्रत्येक नक्षीला ती मान हलवायची आणि पुढच्याची वाट बघायची.

सगळं निघालं नाही, पण बरंच निघालं. लक्ष्मीनारायणच्या नावाचा जो कप्पा होता, त्यातलं मात्र काहीच नाही. मी पुन्हा पुन्हा बघितलं. त्या जागी दुसरंच काहीतरी बसलं होतं. काय बसलंय म्हणून उघडून बघितलं, तर पडद्यावर पाळणा. पाळण्यात लाल कपड्यातलं गुटगुटीत बाळ, भोवती बायका, आणि पाळण्याची दोरी हातात घेऊन हसणारे खुद्द नरसिंगराव.

“हे काय?” मी विचारलं.

“नातवाचं बारसं,” ते म्हणाले. त्या परिस्थितीतही त्यांचा चेहरा क्षणभर फुलला. “व्हिडिओवाला द्यायला आला होता. आधी जागा नाही म्हणत होतं मशीन. हिनं साफसफाई केली त्याच्या दुसऱ्या दिवशी बघितलं तर जागाच जागा! मी सगळ्यांसमोर शाबासकी दिली हिला. म्हटलं, बघा, नागमणीनं साफ केलं तर मशीन कसं पळायलंय. टाक म्हटलं सगळं बारसं आत.”

नवा दुकानदार, कारखानदार गिऱ्हाईक. हे न बोलता उठलो असतो तर कुणाला काही कळलं नसतं. पण जवळच ती बाई उभी होती, आणि सण झाल्यावर ती येणार नव्हती.

“मालक,” मी म्हटलं, “राग मानू नका. गोदामातल्या गठ्ठ्यावरची चिठ्ठी कुणी काढली तर माल जातो का? माल तिथंच असतो. अक्कानं चिठ्ठी काढली. माल मी काढून दिला असता, सगळा. पण जागा रिकामी आहे असं समजून तिथं दुसरा माल आणून टाकला, की मग पहिला गेलाच.”

“म्हणजे?”

“म्हणजे अक्कानं काढलं त्यानं मोर गेला नव्हता. बारसं वर बसलं त्यानं गेला.”

नरसिंगरावांनी पडद्याकडं बघितलं. पडद्यावर ते अजून पाळणा हलवत होते. मग ते एकदम ओरडले, “सुरुवात तर तिनं केली की बे!” पण ओरडण्यात काही दम नव्हता. आयुष्यात पहिल्यांदा त्यांचा आवाज त्यांच्या अंगाएवढा झाला होता.

तेव्हा अक्का बोलली. हळू, पण स्पष्ट.

“थोरल्या मालकांकडं असेल वो.”

मला काही कळेना. नरसिंगरावांचा चेहरा कुंकवापेक्षा लाल झाला.

“त्या चोराचं नाव काढू नकोस.”

“चोर म्हणा, काहीबी म्हणा. पण नेली तर आहेत ना त्यांनी? तुम्हीच सांगता सगळ्यांना, अण्णा वेगळे निघाले तेव्हा सगळी डिझाइनं सीडीत भरून नेली म्हणून. मग असतील की त्यांच्याकडं.”

थोरले मालक म्हणजे अंबादासअण्णा, नरसिंगरावांचे थोरले भाऊ. दोघांनी मिळून कारखाना उभा केला, आणि दोघांच्या भांडणात तो फुटला. अण्णांनी कारखाना धाकट्याला सोडला आणि दाजी पेठेत घरामागं टॉवेलचे माग टाकले. जाताना त्यांनी डिझाइनं नेली असं नरसिंगरावांना कुणीतरी सांगितलं. तेव्हापासून त्यांनी भावाला चोर ठरवलं होतं, आणि त्याच्या घराचा उंबरा ओलांडला नव्हता.

“मेलो तरी जाणार नाही त्याच्या दारात,” नरसिंगराव म्हणाले.

“तुम्ही नका जाऊ. मी जाते,” अक्का म्हणाली. “उद्या दसरा आहे. सोनं द्यायला कुणाच्याबी दारात जाता येतं.”

दुसऱ्या दिवशी दुपारी नरसिंगरावांची गाडी माझ्या दुकानासमोर उभी राहिली. मागच्या सीटवर अक्का, हातात आपट्याच्या पानांची जुडी. पुढं स्वतः नरसिंगराव, धोतर-कोट-टोपी घालून. मी बघतच राहिलो.

“तू चल,” ते म्हणाले. “सीडी दिली तर चालते का ते बघायला माणूस पाहिजे.”

“तुम्ही येताय?”

“मी गाडी चालवायलोय,” ते म्हणाले. “ड्रायव्हर सुट्टीवर आहे.”

गाडी चालवायला कुणी टोपी घालत नाही. मी दुकान बंद करून गाडीत बसलो.

दाजी पेठेच्या कोपऱ्यावर त्यांनी गाडी थांबवली. घर पुढं दिसत होतं, दाराला झेंडूचं तोरण. “इथनं जा दोघं. माझं नाव काढू नका. नागमणी, तुला नवऱ्याची आठवण म्हणून पाहिजे असं सांग.”

“खरंच आहे की ते,” अक्का म्हणाली आणि उतरली.

अंबादासअण्णा ओसरीवर आरामखुर्चीत बसले होते. भावासारखेच किरकोळ, पण आवाज मऊ. अक्कानं पाया पडून सोनं दिलं, मीही दिलं. वदिनांनी, म्हणजे अण्णांच्या बायकोनं, आमच्या हातावर पेढा ठेवला. अक्कानं सगळं सांगितलं. साफसफाई, फोल्डर, बारसं, मोर. काहीच लपवलं नाही. फक्त गाडीचं बोलली नाही.

अण्णा ऐकत होते. ऐकून झाल्यावर ते म्हणाले, “कोपऱ्यावर गाडीत कोण बसलंय?”

अक्कानं माझ्याकडं बघितलं. मी पेढ्याकडं बघितलं.

“टोपी दिसायलीय इथनं,” अण्णा म्हणाले. “आमच्या बापाची टोपी आहे ती. वाटणीत मी त्याला दिली होती. नागमणी, तुझं आहे ते तुला द्यायला माझी ना नाही. पण आज दसरा आहे. त्याला म्हणावं, धाकट्यानं थोरल्याला सोनं द्यायचं असतंय. गाडीतून देता येत नाही.”

मी कोपऱ्यावर गेलो. काच खाली झाली.

“दिली का?”

“द्यायला तयार आहेत. पण तुम्ही या म्हणालेत. टोपी दिसली त्यांना.”

नरसिंगरावांनी घाईघाईनं टोपी काढली, मग त्यांचं त्यांनाच कळलं की आता काढून काही उपयोग नाही. पुन्हा घातली. स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून बसून राहिले. मला वाटलं, आता गाडी सुरू करून निघून जातील. पण ते म्हणाले, “सिद्धाराम, ती उद्यापासून कुठं जाईल बे?”

“कोण, अक्का? तुम्हीच नको म्हणालात.”

“मी काय, काहीबी म्हणतो,” ते पुटपुटले. मग दार उघडून उतरले. “सोनं आहे का तुझ्याकडं? मी आणलं नाही. मी कुठं येणार होतो?”

माझ्या खिशात आपट्याची पानं होती, ती मी दिली. थोडी चुरगळली होती. ती तळव्यावर सरळ करत करत ते चालत गेले. तेवढं अंतर चालायला त्यांना फार वेळ लागला.

उंबऱ्याशी थांबले. अण्णा खुर्चीतून उठले नव्हते. नरसिंगराव आत गेले, पानं त्यांच्या हातात दिली, आणि वाकले. वाकले ते लवकर उठेचनात. अण्णांनी त्यांच्या टोपीवर हात ठेवला.

“सोन्यासारखा राहा,” अण्णा म्हणाले.

“चोरलीस कशाला रे अण्णा?” नरसिंगराव खाली मानेनंच म्हणाले. “मागितली असतीस तर दिली नसती का?”

“चोरली?” अण्णा म्हणाले. “मी टॉवेल विणतो. टॉवेलवर कधी मोर बघितलास माझ्या? चोरानं एक तरी चादर विणली का, सांग.”

नरसिंगरावांनी मान वर करून भावाकडं बघितलं.

“तो लक्ष्मीनारायण आला होता इथं,” अण्णा म्हणाले. “आपण वेगळे झालो त्याच आठवड्यात. म्हणाला, अण्णा, घर फुटलं, आता नक्षी एकाच घरात ठेवणं बरं नव्हे. आमच्या आजोबांच्या वेळेपासून नक्षी नेहमी दोन घरांत ठेवतात. एका घराला आग लागली, पूर आला, तर दुसऱ्या घरात असावी. मी म्हटलं, नरसिंगला आवडणार नाही. तो म्हणाला, त्यांचा राग उतरला की तेच येतील, तेव्हा सांगा. मी म्हटलं, बरं. आता तू आलाच नाहीस, तर सांगू कुणाला?”

अक्का भिंतीला धरून उभी होती. तिला हे ठाऊक नव्हतं. नवरा कधी बोलला नव्हता.

“माणूस पाठवायचा होतास की,” नरसिंगराव म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते आणि ते पुसायचंही त्यांच्या लक्षात आलं नाही.

“कशाला? दरवर्षी दसरा येतो. सोनं द्यायला आला असतास तर घेऊन गेला असतास.” अण्णांनी आत हाक मारली, “अगं, देवाचं ताट आण.”

वदिनांनी ताट आणलं. खंडेनवमीला पूजलेली हत्यारं अजून त्यातच होती. कात्री, धोटा, मोजपट्टी, आणि त्यांच्यामध्ये एक गोल काहीतरी, पिवळंलाल. मी वाकून बघितलं. सीडी होती. दरवर्षीच्या हळद-कुंकवाचे थर तिच्यावर चढले होते. चकाकी कुठंच दिसत नव्हती.

“अण्णा,” मी म्हटलं, “हिला नुसतं कपाटात ठेवायचं हो!”

“डिझाइन आहे की तिच्यात,” अण्णा म्हणाले. “हत्यारच आहे ते. पूजा नको?”

“चालेल का?” नरसिंगरावांनी विचारलं.

“पुसून बघू. पण हलक्या हातानं. ओरखडा गेला तर संपलं.”

नरसिंगरावांनी हात पुढं केला. मग मागं घेतला. मी घेणार, एवढ्यात अण्णा म्हणाले, “नागमणीला दे.”

“नको वो!” अक्का दचकून मागं सरली. “मी हात नाही लावणार. माझ्या हातानं आधीच एकदा गेलंय.”

“तुझ्या माणसाचं आहे,” अण्णा म्हणाले. “तूच पूस.”

तिनं नरसिंगरावांकडं बघितलं. त्यांनी मान हलवली. “पूस गं. गेलं तर गेलं. कुणी तुला काही बोलणार नाही.”

अक्का ओसरीवर बसली. वदिनांनी कोमट पाणी आणलं. तिनं पदराचं टोक भिजवलं आणि मी सांगितलं तसं मधून कडेकडं पुसायला लागली. एक रेघ, मग दुसरी. श्वास रोखून पुसत होती ती. पिवळं पाणी तिच्या हिरव्या साडीवर ओघळत होतं. हळूहळू खालची चकाकी दिसायला लागली, मग अक्काचा चेहरा तिच्यात दिसायला लागला. आम्ही सगळे भोवती उभे.

अण्णांच्या नातीचा कॉम्प्युटर आतल्या खोलीत होता. मी सीडी घातली. यंत्र बराच वेळ घरघरत राहिलं. नरसिंगरावांनी माझा खांदा इतका दाबून धरला होता की दुसऱ्या दिवशी तो दुखत होता.

मग पडद्यावर मोर आला. आधी दाणे टिपणारा, मग झोपलेला, मग पिसारा फुलवलेला. शेवटी तो मान मागं वळवून बघणारा. अक्का पडद्याजवळ गेली आणि त्या शेवटच्या मोरावर तिनं बोट ठेवलं.

“हा काढताना मला बसवले होते त्यांनी समोर,” ती म्हणाली. “म्हणाले, अशी मान वळव, अशी. मी म्हटले, मी काय मोर आहे का वो?” आणि दोन दिवसांत पहिल्यांदा ती मोठ्यानं रडली. वदिनांनी तिला जवळ घेतलं.

नरसिंगराव खाकरले. “उद्या वेळेवर ये,” ते तिला म्हणाले. “चढवायची आहे मागावर. उशीर केलास तर बघ.”

सण झाल्यावर मी त्यांच्या ऑफिसात जाऊन सगळा बंदोबस्त केला. सगळ्यांना डिझाइनं बघता येतील, वापरता येतील, पण काढता कुणालाच येणार नाहीत. काढायचं झालंच तर त्याचा पासवर्ड एकाकडंच.

“कुणाला देऊ?” मी विचारलं. “तुम्हालाच ना?”

“मला?” नरसिंगराव म्हणाले. “उद्या नातवाचं जावळ आहे. परत जागा करून घेईन मी. नागमणीला दे.”

“मालक, तिनंच तर…”

“म्हणूनच की बे. दुधानं तोंड पोळलंय तिचं, ती ताकसुद्धा फुंकून पिईल. तिला दे.”

अक्कानं तो पासवर्ड आजवर एकदाही वापरला नाही. काही काढायचं असलं की सगळे तिच्या मागं लागायचे आणि ती म्हणायची, “राहू दे की. खायला मागतंय का तुम्हाला?” शेवटी मला मोठी डिस्क बसवून द्यावी लागली.

पुढच्या दसऱ्याला नरसिंगरावांनी मलाही दाजी पेठेत नेलं. या वेळी गाडी थेट दारात उभी राहिली. ओसरीवर त्यांनी अण्णांच्या हातात आपट्याची पानं ठेवली, आणि पानांवर एक पेनड्राइव्ह.

“हे काय?” अण्णांनी विचारलं.

“या वर्षीची डिझाइनं. तुझ्याकडं असू देत.”

“चोराकडं?” अण्णा म्हणाले.

“चोराइतकं जपून कोण ठेवतंय?” नरसिंगराव म्हणाले, आणि वाकले.

अण्णा हसायला लागले, वदिना हसल्या, मीही हसलो. नागमणीअक्का मागं उभी होती. पेनड्राइव्ह तिनंच आणला होता, प्लास्टिकच्या पिशवीत घालून, दोऱ्यानं घट्ट बांधून, हळद लागू नये म्हणून.